बारीक दातांची फणी

मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या गावात पूर्वी घरोघर दोन तऱ्हेच्या फण्या असत. एक रुंद दातांची, गुंता सोडवायला. दुसरी बारीक दातांची, उवा काढायला. वेणीफणी हा शब्द आपण अजून बोलतो, पण त्यातली ही दुसरी फणी आता बऱ्याच घरांतून गेली.

ऊ मात्र फार जुनी. संस्कृतात ती यूका, आणि तिचं अंडं लिक्षा, म्हणजे आपली लीख. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर यांचं माप केलं आहे. आठ लिक्षा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे जवाच्या दाण्याची मधली जाडी, आणि असे आठ जव म्हणजे एक अंगुल. राजाच्या कारभाऱ्यालाही लीख ओळखीची होती म्हणायची!

इस्रायलात लाखीश या जुन्या ठिकाणी 2016 साली हस्तिदंताची इवलीशी फणी सापडली. सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोरलेली अक्षरं 2022 मध्ये वाचली गेली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, असा त्यांचा अर्थ. तिला एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. वाचून मला आमच्या कोनाड्यातल्या दोन फण्याच आठवल्या.

आमच्याकडे रविवार हा न्हाण्याचा दिवस. केसांना खोबरेल, कोणाकडे करंजेल, नाहीतर उंडीचं कडू तेल. मग पडवीत बायका-मुलींची रांग लागायची, एकीच्या मागे एक. मांडीवर पांढरं फडकं. आई नखावर नख दाबून ऊ मारायची आणि म्हणायची, "चेडवा, हालू नको. अजून एक गावली."

मुलग्यांचं सोपं होतं. न्हावी आला की डोकं तुळतुळीत. मुलीचं डोकं भादरणं अशुभ मानलेलं, म्हणून तिला फणीशिवाय उपाय नाही. आणि फणीला पाहिजे वेळ. मी सातवीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलीला उवांसाठी शेवटी वेगळं बसवलं. पोरं तिला बघून डोकं खाजवून दाखवायची. तिची आई उजाडायच्या आधी दुसऱ्याच्या मळ्यात लावणीला जायची, ती काळोख पडल्यावर परत. कंदिलाच्या उजेडात लीख कशी दिसणार? पावसाळा सरायच्या आत तिची शाळा सुटली. लोक म्हणाले, घाणेरडी होती. अहो, ऊ स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदाने राहते. ती उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की जाते, एवढंच.

या लाजेपायीच लोक जालीम उपायांकडे वळले. घासलेट लावून चुलीजवळ बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, तरी ती लावत. मग पावडरी आल्या. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीत नेपल्स शहरात टायफसची साथ होती. ती पसरवणारी ऊ कपड्यांत राहणारी, डोक्यातल्या उवेची बहीण. लाखो लोकांच्या कपड्यांत डीडीटी मारून साथ आवरली. डीडीटीचा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे 1953 पासून हिवतापासाठी डीडीटीची मोहीम सुरू झाली. पावडरीने किडे मरतात हे गावाने पाहिलं. पुढे भातावरच्या किडीची बीएचसी पावडर, जिला सगळे गॅमेक्सीन म्हणत, तीही पोरांच्या डोक्यात गेली. आमच्या वाडीतल्या एका पोरीला ती चोळून वर फडकं बांधलं. रात्री तिला उलट्या सुटल्या, झटके आले. दैव बलवत्तर म्हणून वाचली. त्या पावडरीवर 1997 साली बंदी आली.

इतकं करून लिखा शिल्लक राहायच्याच. आई म्हणायची, "उवा मेल्यो, पण लिखांचा काय?" प्रश्न बरोबर होता. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. तिच्यातून निघालेल्या पिल्लाला अंडी घालण्याजोगं व्हायला पुढे साधारण तेवढेच दिवस लागतात. दर आठवड्याला फणी फिरली, तर पिल्लू वयात येण्याआधीच सापडतं. आमच्या रविवारात हा हिशेब होता, कोणी मांडून दाखवला नव्हता इतकंच.

आता दुकानात शाम्पू मिळतो. पण बऱ्याच देशांत उवा औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत, आणि तिकडचे डॉक्टरही ओले केस बारीक फणीने विंचरायला सांगतात. आमच्याकडे चतुर्थीला चाकरमानी आले की भांडण ठरलेलं. गाववाले म्हणतात उवा मुंबईहून आल्या, मुंबईवाले म्हणतात गावाहून नेल्या. भांडत बसू नये. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघावी, तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं तीन आठवडे. आणि ज्या पोरीची आई कामावर असते, तिचं डोकं शेजारणीने बघावं. शाळेने तिला वेगळं बसवू नये. ऊ फणीने निघते, सुटलेली शाळा परत मिळत नाही.