अक्षरांवाचून नकाशा

नकाशा कचेरीत बसून काढावयाचा आणि जंगल मात्र पायांनी तुडवावयाचे, अशी वाटणी फार दिवस चालत आली. गस्तीवरून परतलेला माणूस तोंडी सांगे. साहेब त्यातले निम्मे टिपून घेत. पुढे नकाशे काढणाऱ्या संगणकप्रणाली निघाल्या. पण त्या पदवीधरांनाही सहजी दाद देत नसत, मग निरक्षराची काय कथा!

ही अडचण दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी ओळखली. कालाहारीतील सान शिकाऱ्यांबरोबर हिंडून त्यांनी १९९० साली माग काढण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला होता. लिंडसे स्टीव्हन्टन यांच्या साह्याने त्यांनी ‘सायबरट्रॅकर’ सिद्ध केला. तळहातावर मावणारा संगणक, त्याला उपग्रहांवरून ठिकाण सांगणारे यंत्र जोडलेले, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रे. चित्रावर लेखणी टेकवली की जागा व वेळ आपोआप नोंदली जाई.

१९९६ साली कारू राष्ट्रीय उद्यानात कारेल बेनादी व जेम्स मिन्ये यांनी तो वापरून पाहिला. दोघेही माग काढण्यात तरबेज; लिहितावाचता मात्र येत नव्हते. काळ्या गेंड्याचे खाणे ऋतूंप्रमाणे कसे पालटते हे त्यांनी टिपले, आणि १९९९ साली ‘पॅकिडर्म’ या नियतकालिकात आलेल्या निबंधावर लेखक म्हणून त्यांचीही नावे छापली गेली. यंत्राच्या कौतुकात ही गोष्ट आपण विसरतो.

आपल्याकडे २०१८ च्या व्याघ्रगणनेत ‘एम-स्ट्राइप्स’ वनरक्षकांच्या मोबाइलवर आले. चाललेली वाट ते स्वतःच आखते. वाघाचा ठसा ओळखावा लागतो तो वनरक्षकालाच.