ड्यूरांडलचं मूळ

१९९४ साली निघालेल्या ‘मॅरेथॉन’ या विज्ञानकथेवर बेतलेल्या संगणक-खेळात ड्यूरांडल नावाची एक यंत्रबुद्धी आहे. अंतराळयानाची दारं उघडायची नि लावायची, हे तिचं काम. पुढे ती बंड करते. (कंटाळली असावी!)

हे नाव मुळात एका तलवारीचं. सुमारे ११०० सालच्या फ्रेंच वीरगीतात मरायला टेकलेला रोलाँ ती खडकावर आपटतो. तलवार मोडत नाही. खरा रोलाँ हा शार्लमेन राजाचा सरदार. तो ७७८ साली पिरेनीज पर्वतात मारला गेला. कोणी मारलं? गीत म्हणतं, मुसलमानांनी. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड मात्र बास्क लोकांचं नाव घेतो. स्पेनमधून परतताना शार्लमेननं त्यांच्या पांप्लोना शहराचा तट पाडला होता. गीतात तो तटही नाही आणि बास्कही नाहीत.