माथेरानची हवा आणि मोरीतली हवा

माथेरानला आपण कशासाठी जातो, असे कोणाही मुंबईकराला किंवा पुणेकराला विचारले, तर तो एका शब्दात उत्तर देईल : हवेसाठी. 'हवा खायला जातो' असे म्हणण्याचीच आपल्याकडे रीत आहे. नेरळला गाडी बदलावी, लहानग्या रुळांवरून सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत वर जावे, अथवा मोटार दस्तुरी नाक्यापाशी सोडून तांबड्या मातीच्या वाटेने पायी निघावे. आणि मग बंद असलेल्या खोलीचे दार उघडले, की पुष्कळदा पहिला दरवळ येतो तो बाहेरच्या जांभळीच्या रानाचा नव्हे, तर फिनेलचा! गंमत अशी, की त्या वासाने आपल्याला समाधानच वाटते. खोली स्वच्छ आहे, अशी मनाची खात्री पटते. उग्र वास म्हणजे स्वच्छता, ही जी आपली समजूत, तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास केवळ मौजेचा नाही. या समजुतीची किंमत घराघरांत कोणाला तरी आपल्या फुप्फुसांनी मोजावी लागते आहे.

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी चौक गावी तळ दिला असता ते हा डोंगर चढून गेले. त्यांनी माथेरान 'शोधून काढले' असे म्हणतात. वस्तुतः ठाकर, कातकरी आणि धनगर यांना तो डोंगर पूर्वापार ठाऊक होता. मॅलेटसाहेबांनी शोधून काढली ती साहेबाला मानवणारी हवा. पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना येथे बंगले व रस्ते होऊ लागले, आणि १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या उद्योगाने छोटी रेल्वे डोंगरावर पोहोचली. एवढा खटाटोप कशासाठी? तर मुंबईच्या दलदलीतून, गटारांतून आणि कुजणाऱ्या केरकचऱ्यातून जी दूषित वाफ उठते, तीच माणसाला रोग देते, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती म्हणून. मलेरिया हा शब्दच मुळी 'वाईट हवा' या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांचा झालेला आहे. इंग्लंडातील आरोग्यसुधारणेचे अध्वर्यू एडविन चॅडविक यांनी तर १८४६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे, वास तेथे रोग, अशा अर्थाची साक्ष दिली होती.

त्यांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या घरांतही बाळंतिणीच्या खोलीत धुरी फिरे, संध्याकाळी कडुनिंबाचा पाला नि ऊद जळे. वाईट वासाला चांगल्या वा कडक वासाने हुसकून लावावयाचे, ही कल्पना पूर्वेला आणि पश्चिमेला सारखीच होती. फरक इतकाच, की युरोपात त्याच सुमारास रसायनशास्त्राने एक नवे, फार जहाल हत्यार लोकांच्या हाती दिले.

१७७४ साली स्वीडनमध्ये कार्ल विल्हेल्म शेले यांनी मँगनीजच्या काळ्या खनिजावर मिठाचे आम्ल ओतले आणि हिरवट पिवळा, गुदमरवणारा एक वायू निघालेला पाहिला. हाच क्लोरीन. दहा-बारा वर्षांत फ्रान्समध्ये बर्तोले यांनी त्याचा उपयोग कापड पांढरे करण्यासाठी करून दाखविला, आणि १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी हा वायू विझविलेल्या चुन्यात मुरवून त्याची भुकटी करण्याचा हक्क पेटंटाने मिळविला. हीच आपली ब्लीचिंग पावडर. शेले यांचा हा प्रयोग ध्यानात ठेवावा; पुढे तो मोरीत पुन्हा भेटणार आहे.

या द्रव्यांनी मानवजातीवर मोठे उपकार केले, हे आधी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना शवविच्छेदनानंतर क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांनी ते पाणी का निवडले? तर त्याने हातांचा प्रेताचा वास जाई म्हणून! जंतूंचा सिद्धान्त तेव्हा मान्य व्हावयाचा होता; नाकानेच वाट दाखविली आणि ती या वेळी बरोबर निघाली. पुढे विसाव्या शतकात शहरांच्या पाण्यात अल्प क्लोरीन मिसळू लागल्यावर कॉलरा व विषमज्वर यांचे बळ खचले. म्हणून ब्लीचिंग पावडरीला शत्रू मानावे असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न आहे तो तिच्या जागेचा, मात्रेचा आणि तिच्या संगतीला काय येते त्याचा.

मात्रेचा धडा वैद्यकाला लवकरच मिळाला. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगो येथे मोडलेल्या हाडाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधून शस्त्रक्रियेचे युग पालटले. पण त्यांची समजूत अशी होती, की जखमेत जंतू येतात ते हवेतून. तेव्हा हवाच धुऊन काढावी. म्हणून १८७० नंतर ते शस्त्रक्रियेच्या खोलीत कार्बोलिकचा फवारा उडवू लागले. ते तुषार डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या डोळ्यांत नि छातीत जात, हातांची कातडी सोलून निघे. शेवटी कळून आले, की मुख्य धोका हवेतल्या जंतूंचा नव्हे, तर हातांना व हत्यारांना चिकटलेल्या जंतूंचा असतो. लिस्टर यांनी फवारा सोडून दिला आणि १८९० साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत, आपण हा फवारा सुचविला याची लाज वाटते, अशी कबुली दिली. एवढ्या मोठ्या पुरुषाने भर सभेत आपली चूक मान्य करावी, ही गोष्ट लहान नव्हे. दुर्दैवाने ती कबुली आमच्या न्हाणीघरापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

आपल्याकडे हा वास घरात शिरला त्याला सर्वांत मोठे कारण झाले ते १८९६ सालचे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईची झोप उडाली. गटारांतून कार्बोलिक व समुद्राचे पाणी सोडण्यात आले, चाळींच्या भिंतींना चुना फासण्यात आला, लोकांच्या खोल्यांतून औषधी पाण्याचे सडे पडले. जे वाचले त्यांच्या स्मरणात तो वास राहिला. भयाच्या दिवसांत जो वास संरक्षणाचा म्हणून घरात येतो, तो सहसा जात नाही. पुढे देशी कारखानेही निघाले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलचे फिनेल देशभर गेले, आणि 'फिनेल टाकले' म्हणजे 'साफ झाले' हा अर्थ बोलण्यात रुळला.

परंतु विद्या मात्र तोवर पुढे गेली होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखविले, आणि काही वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेतील कामाने त्याला पुष्टी मिळाली. अर्थात हिवतापाचे कारण वाईट हवा नव्हती आणि प्लेगचेही कारण दुर्गंधी नव्हती. दूषित वाफेचा सिद्धान्त पंडितांनी टाकून दिला. घरात मात्र तो जसाच्या तसा राहिला. फक्त त्याने बाटलीचे रूप घेतले.

आता शेले यांच्या प्रयोगाकडे परत येऊ. मोरीच्या फरशीवर तांबडे डाग पडले आहेत, शेवाळ धरले आहे. घरातील बाई आधी ब्लीचिंग पावडर टाकतात. तेवढ्याने डाग हलत नाही, म्हणून वर अ‍ॅसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव ओततात. त्या द्रवात बहुधा तेच मिठाचे आम्ल असते. शेले यांनी जे प्रयोगशाळेत मुद्दाम केले, तेच दार लावलेल्या मोरीत अजाणता घडते आणि क्लोरीन मोकळा होतो. लिंबू किंवा व्हिनेगर घातले तरी तोच प्रकार. आणि ब्लीचिंगचा अमोनियाशी संयोग झाला, मग तो काचा पुसण्याच्या पाण्यातला असो वा साचलेल्या मूत्रातला, तर क्लोरॅमीन नावाचे दुसरे दाहक वायू निघतात.

हा क्लोरीन तोच, जो २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मनांनी नळकांड्यांतून शत्रूच्या खंदकांवर सोडला, आणि ज्याचा फटका चारच दिवसांनी तेथे लढणाऱ्या लाहोर डिव्हिजनच्या हिंदी शिपायांनाही बसला. २०१० च्या जुलैत मुंबईत शिवडीजवळ पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यातून तो गळला, तेव्हा शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. मोरीत त्याचे प्रमाण अर्थात अल्प असते. पण मोरीही लहान असते. शिवाय हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो वर जात नाही, खाली फरशीलगत साठतो. आणि फरशी घासणारी बाई उकिडवी बसून नेमके तेथेच तोंड खाली घालून श्वास घेत असते. ओलसर डोळे, घसा व श्वासनलिका यांत तो विरघळला की तेथे आम्ल तयार होते. खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, डोळ्यांची आग ही पहिली लक्षणे. मात्रा जास्त झाली तर फुप्फुसांत पाणी भरते, आणि ते कधी कधी काही तासांनी, माणूस 'आता बरे आहे' म्हणत असताना होते. एकदाच झालेल्या जबर माऱ्याने पुढे दम्यासारखा विकार जडल्याचीही उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

हा झाला एकाएकी होणारा अपाय. दुसरा सावकाश होतो, म्हणून तो दिसत नाही. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ६,२३५ स्त्री-पुरुषांच्या वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरची सफाई करणाऱ्या, तसेच सफाईचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेली आढळली. धूम्रपानाने होणाऱ्या झिजेशी तिची तुलना संशोधकांनीच केली. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. अशा पाहणीने कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही, हे खरे. पण इशारा म्हणून ती पुरेशी आहे. तसेच भयाचा नि उग्र वासाचा संबंध १८९६ नंतरही सुटलेला नाही. २०२० साली करोनाच्या साथीत जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे सफाईच्या व जंतुनाशक द्रव्यांमुळे ४५,५५० वेळा विचारणा झाली, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २० टक्के अधिक. त्यांत भाजीपाला धुण्यासाठी ब्लीच, व्हिनेगर आणि कढत पाणी एकत्र करणारी एक गृहिणीही होती. आपल्याकडे तर माणसांच्याच अंगावर फवारे मारले गेले, आणि १८ एप्रिल २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाला, असे करू नका, म्हणून सांगावे लागले. लिस्टर यांच्या कबुलीला तेव्हा १३० वर्षे झाली होती!

माथेरानच्या हवेची आपण फार काळजी घेतली आहे. तेथे खाजगी मोटारीला गावात प्रवेश नाही, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व आसपासचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बाहेरच्या धुराबाबत आपण इतके जागरूक. मग पावसाळा संपल्यावर कोंदटलेल्या, बुरशी धरलेल्या खोल्या जेव्हा उघडल्या जातात, तेव्हा आत बसून भिंती नि फरशा घासणाऱ्या माणसाच्या हवेचे काय? आणि हे काही डोंगरावरच घडते असे नाही. आपल्या शहरातल्या घरी दिवाळीच्या आधी हेच घडते. पाहुणा खोलीत येतो तोवर वायू विरलेला असतो, वास तेवढा मागे उरतो. ज्या बाईने तो श्वासात घेतला, ती पुढच्या घरी गेलेली असते. तिला खोकला झाला तर आपण म्हणतो, हवा बदलली!

उपाय महाग नाहीत. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकाच दिवशी एका मोरीत वापरू नये. एक वापरल्यावर भरपूर पाण्याने फरशी धुवावी. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, मग बाटली उघडावी. फवाऱ्यापेक्षा फडके बरे. सुटी अ‍ॅसिडे व फिनेल सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवू नयेत. बाटलीवर चिठ्ठी असावी. डांबरगोळ्यांच्या पेटीतले कपडे तान्ह्या मुलाला धुऊन, उन्हात टाकल्याखेरीज घालू नयेत, कारण काही मुलांच्या रक्ताला ते द्रव्य सोसत नाही. रोजच्या फरशीला साबणाचे पाणी, घासणे आणि ऊन एवढे पुष्कळ होते. वायू छातीत गेलाच तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, डोळे वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत आणि श्वास जड वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना हे सारे एकदा नीट समजावून सांगावे. बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांना वाचता येतीलच असे नाही.

मॅलेटसाहेब डोंगर चढून गेले ते चांगली हवा शोधत. त्यांच्या काळचे शास्त्र चुकीचे होते. पण खिडकी उघडी ठेवावी, ही त्यांची सवय चुकीची नव्हती. स्वच्छ फरशीला वास नसतो. पुढच्या खेपेस खोलीत फिनेलचा दरवळ आला, तर समाधान मानण्याआधी खिडकी उघडावी, आणि ती फरशी घासणाऱ्या बाईंना ती उघडी मिळाली होती का, हेही विचारावे.