माजघरातले वेरूळ

वडिलार्जित घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडीकुंडी, पाट, समया बिनतक्रार वाटल्या गेल्या. अडले ते माजघरातल्या एका तसबिरीपाशी. वेरूळचा डोंगर, झाडी आणि लेणी यांचे ते रंगीत चित्र. "पेशवाईतले आहे, लाखाला जाईल," असे दादाचे म्हणणे. विकायचे की ठेवायचे, हे ठरवण्याआधी ते आहे तरी काय, हे पाहणे आले.

मूळ चित्राची कथा खरोखर पेशवाईतली आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्याचा आश्रयदाता. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगवली, वेरूळची लेणीही रेखाटली. पुण्याच्या गंगाराम तांबटानेही मॅलेटसाठी लेण्यांची चित्रे काढली. १७९५ मध्ये वेल्स वारला. पुढे त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने लंडनला २४ चित्रे छापली. डॅनियल चुलते-पुतण्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या १४४ चित्रांच्या मालिकेतला हा एक भाग.

ही छपाई ॲक्वाटिंटची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड चिकटवून तो तेजाबाने खायचा, मग शाई भरून दाबयंत्रातून काढायचा; रंग हाताने भरायचे. म्हणून भिंगाखाली वेडेवाकडे, जाळीदार कण दिसतात. कागद छाटलेला नसेल, तर पत्र्याच्या कडेचा दाबही बोटाला लागतो. यंत्रावरच्या चाररंगी छपाईत मात्र शिस्तीत मांडलेले रंगीत ठिपके दिसतात.

आम्ही भिंग लावले. ठिपकेच ठिपके! दादाचा चेहरा उतरला. पण चौकटीची पाठ उघडली, तर मागे आजोबांच्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिलेले: 'वेरूळ, सहकुटुंब, १९५८.' बाजारात त्याला मोल नाही. विकण्याची भाषा तिथेच संपली.

वाचकहो, तुमच्याकडेही असे चित्र असेल, तर पाठीमागचा कागद वाचल्याशिवाय फाडू नका. चित्र पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको; ते पुन्हा निघत नाही. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची किनार ठेवा. उन्हाची भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, दोन्ही टाळा. कसर लागली का, ते दिवाळीच्या साफसफाईत पाहा. ओले फडके काचेवरही नको, कोरडे पुरे. जुने अस्सल चित्र डागाळले असेल, तर घरी धुऊ नका, जाणकाराकडे न्या.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातले. त्या राजवंशाने कानडीला आश्रय दिला आणि डोंगर आपल्या मराठी मुलखातला कोरला. शेजारचे कानडी आजोबा तसबीर पाहायला आले, तेव्हा "हे आमचेही आहे," म्हणाले. खोटे नव्हते. आता ती दादाकडे आहे, सावलीच्या भिंतीवर.