यंत्राची स्मृती : किती पुरे?

लॅपटॉप विकत घ्यावयास गेलेल्या ग्राहकाला दुकानदार हमखास एक प्रश्न विचारतो : मेमरी आठ गिगाबाइट हवी, सोळा हवी, की बत्तीस? पडद्याचा आकार डोळ्यांना दिसतो, वजन हाताला कळते; परंतु या आकड्यांचा अर्थ पुष्कळांना लागत नाही. मग कोणी शेजाऱ्याने घेतली तेवढीच घेतो, कोणी ‘असू द्यावी जास्त’ म्हणून पैसे मोजतो, तर कोणी काटकसर करून पुढे चार वर्षे रखडणाऱ्या यंत्रासमोर बसून राहतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी शिल्लक मोडून यंत्र घेणाऱ्या कुटुंबाला ही चूक लहान नसते. वस्तुतः हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. ज्यांनी ही यंत्रे घडविली त्यांनाही तो पहिल्या दिवसापासून पडला होता, आणि त्यांनी शोधलेल्या उत्तरांतच आजच्या ग्राहकाचेही उत्तर दडलेले आहे.

आधी ही स्मृती म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक डिस्क, तीत लेख, छायाचित्रे, हिशेब कायमचे राहतात. दुसरी मेमरी, जिला रॅम म्हणतात. तीत केवळ चालू कामापुरती माहिती असते, आणि वीज गेली की ती पुसली जाते. जुन्या वाड्यातील स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे. वर्षाचे धान्य कोठीच्या खोलीत असते. पण चुलीपाशी बसलेल्या गृहिणीला तेल, मीठ, मसाला, कणीक हाताशीच लागते. हाताशी जागा अपुरी असली, तर प्रत्येक चिमटीसाठी कोठीपर्यंत फेरी घालावी लागते. कोठी म्हणजे डिस्क, आणि हाताशी असलेली जागा म्हणजे मेमरी.

आरंभी ही हाताशी असलेली जागा फारच तोकडी होती. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका प्रायोगिक यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली पहिल्यांदा चालविली. त्या यंत्राची स्मृती बत्तीस शब्दांची होती. ‘शब्द’ म्हणजे येथे शून्य आणि एक या अंकांची ठरावीक लांबीची ओळ. ती स्मृती एका काचेच्या नळीच्या पडद्यावर विद्युत्भाराच्या ठिपक्यांनी राखली जाई. पुढच्याच वर्षी केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक यंत्राने पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतून ध्वनीच्या लहरी खेळवून माहिती जिवंत ठेवली. १९५३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील व्हर्लविंड यंत्रात जे फॉरेस्टर यांनी चुंबकीय कड्यांची स्मृती बसविली. मण्यांएवढ्या या फेराइटच्या कड्यांतून तारा ओवाव्या लागत. हे काम पुष्कळ काळ हातांनीच, आणि बहुधा स्त्रियांच्या हातांनी, होत असे. स्मृतीचा प्रत्येक अंक म्हणजे एक ओवलेला मणी. तो महाग असावा, यात नवल नाही.

भारतातही याच मण्यांनी आरंभ झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांनी बांधलेले यंत्र १९६० मध्ये कामास लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिले. त्याची स्मृती चाळीस अंकी २,०४८ शब्दांची होती. आजच्या भाषेत ती १०,२४० बाइट भरते. सोळा गिगाबाइटच्या एका साध्या लॅपटॉपमध्ये अशा सोळा लाखांहून अधिक टिफरॅकांची स्मृती मावेल. तरीही त्या दहा हजार बाइटांत भौतिकशास्त्रातील गंभीर गणिते सोडविली गेली.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण त्या काळातील आज्ञावलीकारांनी अक्षरशः पाळली. परंतु काटकसरीलाही आपली किंमत असते. त्या दिवसांत स्मृतीत आणि ऐंशी रकान्यांच्या छिद्रित कार्डांवर जागा वाचावी, म्हणून वर्षाचे चार अंक न लिहिता शेवटचे दोनच लिहिण्याची रीत पडली. १९६५ च्या जागी नुसते ६५. जागा वाचली, पण शतक उलटताच ००चा अर्थ १९०० लागणार, हे संकट पुढच्या पिढीच्या पदरी आले. १ जानेवारी २००० पूर्वी जगभरच्या बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांच्या जुन्या आज्ञावली तपासून घ्याव्या लागल्या. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील कित्येक तरुणांना त्या दुरुस्तीतून परदेशी कामाचे दार उघडले. एका पिढीची बचत दुसऱ्या पिढीचे कर्ज झाली. स्मृती किती घ्यावी हा प्रश्न केवळ आजच्या खर्चाचा नाही, हे या प्रकरणाने शिकविले.

काटकसरीला पर्याय शोधणारे पहिले मोठे यंत्र म्हणजे मँचेस्टरचे ॲटलास. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यात कड्यांची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची होती, आणि फिरत्या चुंबकीय ढोलावरची मंद स्मृती तिच्या सहापट होती. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहितीची ५१२ शब्दांची ‘पाने’ पाडली. लागेल ते पान ढोलावरून जलद स्मृतीत आणावे, आणि नको असेल ते परत पाठवावे, ही व्यवस्था यंत्रानेच पाहावी अशी योजना त्यांनी केली. आज्ञावलीकाराला मात्र एकच प्रशस्त स्मृती असल्याचा भास होई. हीच आभासी स्मृती आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे. म्हणूनच मेमरी कमी पडली तरी लॅपटॉप सहसा एकदम बंद पडत नाही. तो कोठीत फेऱ्या घालू लागतो.

परंतु ढोल कड्यांपेक्षा काही हजार पटींनी मंद होता. फेऱ्या थोड्या असतील तोवर ठीक. त्या वाढल्या की यंत्राचा सारा वेळ ने-आणीतच जातो आणि काम जागच्या जागी राहते. या अवस्थेला संगणकशास्त्रात थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिचे मर्म उलगडले. प्रत्येक कामाला कोणत्याही थोड्या अवधीत आपल्या साऱ्या पानांपैकी काहीच पाने वारंवार लागतात. त्या पानांच्या समूहाला त्यांनी कार्यसंच म्हटले. एकाच वेळी चाललेल्या सर्व कामांचे कार्यसंच स्मृतीत मावले, तर यंत्र सुरळीत चालते. ते थोडेसे जरी मावेनासे झाले, तरी गती थोडी घटत नाही, ती कोसळते. उलट ते मावल्यावर वर आणखी कितीही जागा दिली, तरी त्या कामांची गती फारशी वाढत नाही. आपल्याजवळ एकंदर माहिती किती, हा प्रश्नच नव्हे. एका वेळी हाताशी किती लागते, हा खरा प्रश्न होय.

याची कसोटी पुढच्याच वर्षी साऱ्या जगाचे डोळे लागलेले असताना झाली. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११चे अवतरणयान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत होते. त्यातील संगणकाची लिहिता-पुसता येणारी स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांनी संगणकाचा वेळ खाल्ला. कामे वेळेत पुरी होईनात, नवी कामे मात्र येतच राहिली, आणि त्यांना स्मृतीत ठेवावयास जागा उरली नाही. पडद्यावर १२०२ हा धोक्याचा आकडा झळकला. तथापि यंत्र थांबले नाही. त्याच्या आज्ञावलीत कामांचा अग्रक्रम आधीच ठरवून दिलेला होता. त्याने गौण कामे सोडली, यान उतरविण्याचे काम धरून ठेवले, आणि आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन सुखरूप उतरले. स्मृती तोकडी असली तरी तिच्यात काय ठेवावे आणि काय टाकावे याचा विवेक होता, म्हणून तो प्रसंग निभावला.

त्यानंतर अंथरूणच वाढू लागले. १९७० मध्ये इंटेल कंपनीने १,०२४ अंकांची स्मृती एका चिपवर विकावयास आणली आणि ओवलेल्या मण्यांचे युग संपत आले. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात १६ किलोबाइट स्मृती होती. त्याचा प्रोसेसर एक मेगाबाइटपर्यंतचीच जागा ओळखू शके, आणि तीतही आज्ञावलींच्या वाट्याला ६४० किलोबाइट येत. आरंभी हे आकाश वाटले. पण हिशेबाचे तक्ते मोठे होताच चार वर्षांत ते ठेंगणे पडले. मग १९८५ मध्ये लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी जादा स्मृती लहानशा खिडकीतून आलटून-पालटून दाखविण्याची युक्ती काढली. पुढे बत्तीस अंकी पत्त्यांचे संगणक आले. त्यांना चार गिगाबाइटपर्यंतची जागा ओळखता येई. म्हणून विंडोजच्या सर्वसाधारण बत्तीस अंकी आवृत्तीवर आठ गिगाबाइट बसविणाऱ्याचे निम्मे पैसे वाया जात. यंत्राला जेवढे ओळखता येते त्याहून अधिक देणे व्यर्थ होय.

दरम्यान पाय पसरण्याची रीतही बदलली. १९९५ च्या विंडोजला किमान चार मेगाबाइट लागत. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागतात. सव्वीस वर्षांत हजारपट! अंथरूण स्वस्त झाले की पाय आपोआप लांबतात. म्हणून आजच्या गरजेइतकीच मोजून घेतलेली मेमरी तीन-चार वर्षांनी अपुरी पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पूर्वी यावर सोपा उपाय होता. लॅपटॉपच्या तळाचे झाकण काढून मेमरीची एखादी पट्टी बसविली की झाले. परंतु २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये दोन गिगाबाइट मेमरी मुख्य पाटीवरच डाख देऊन पक्की केलेली होती. यंत्र पातळ झाले, पण नंतर वाढविण्याची सोय गेली. ही रीत पुढे अनेक कंपन्यांनी उचलली. त्यातच मेमरीचा बाजार लहरी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनी मागणी वाढविली, आणि नेहमी स्वस्त होत जाणाऱ्या या वस्तूचे भाव एकाएकी चढले. ‘पुढे स्वस्त झाली की घेऊ’ हा भरवसा नेहमीच खरा ठरत नाही.

तेव्हा निर्णय कसा करावा? प्रथम आपला कार्यसंच पाहावा. जुना संगणक असेल, तर नेहमीची सारी कामे एकदम उघडून त्याची किती मेमरी व्यापली जाते ते पाहावे. विंडोजमधील टास्क मॅनेजर हा आकडा दाखवितो. तो सतत काठोकाठ असेल आणि यंत्र रखडत असेल, तर मेमरी वाढविल्याने निश्चित गुण येईल. निम्मी रिकामीच असेल, तर रखडण्याचे कारण अन्यत्र आहे आणि मेमरीवरचा खर्च फुकट जाईल. लेखन, पत्रव्यवहार, थोडे वाचन एवढेच काम असणाऱ्याला आठ गिगाबाइट आज चालतात. अनेक खिडक्या उघड्या ठेवून अभ्यास वा कचेरीचे काम करणाऱ्याला सोळा योग्य. चित्रफितींचे संपादन, मोठे माहितीसंच किंवा एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालविणाऱ्यानेच बत्तीस किंवा अधिक घ्यावे. त्यानंतर, मेमरी पक्की जडविलेली आहे की मोकळी खाच आहे, आणि ते यंत्र अधिकात अधिक किती मेमरी स्वीकारते, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. खाच असेल तर आज बेताने घेऊन पुढे भर घालता येते; जडविलेली असेल तर एक पायरी वरची घेणे हीच खरी काटकसर.