घाटाच्या गाडीला महामार्गाची चाल

जुनी जीप घेऊन हुबळीहून बेंगळूरच्या वाटेला लागणाऱ्यास पहिल्या तासाभरातच एक गोष्ट कळून येते. एंजिन जिवाच्या आकांताने गर्जत असते आणि मालमोटारी मागून कर्णे वाजवीत पुढे निघून जात असतात. गाडीत बिघाड काही नसतो. ती ज्या रस्त्यासाठी बांधली गेली तो हा रस्ता नव्हे, एवढेच. याचे मूळ गाडीच्या मागील आसात आहे आणि त्या आसाची कथा आमच्या या प्रदेशातील रस्त्यांच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. म्हणून हा विषय वरवर पाहता मिस्त्रीच्या ओट्यावरचा असला, तरी येथे मांडावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

एंजिनकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक लहान दातेरी चाक असते. त्याला पिनियन म्हणतात. त्यात गुंतलेले मोठे चाक ते क्राउन. पिनियनला ८ दाते व क्राउनला ४३ दाते असले, म्हणजे दांड्याचे ५.३८ फेरे व्हावेत तेव्हा रस्त्यावरील चाकाचा एक फेरा होतो. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी ओढीस बळकट व चालीस मंद. आकडा लहान केला की चाल वाढते आणि ओढ कमी होते. दोन्ही एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेच्या विलीस कंपनीने सैन्यासाठी जी जीप बांधली तिचा हा आकडा ४.८८ होता. युद्ध संपल्यावर तीच गाडी नागरी वापरासाठी बाजारात आली तेव्हा कंपनीने तो ५.३८ केला. शेतकऱ्याने तिला नांगर जोडावा, भरलेली गाडी ओढावी, अशी कल्पना होती. सैनिकाची जीप चपळ आणि कुणब्याची संथ, असा हा भेद केवळ दात्यांच्या संख्येने साधला. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि जी आपल्याकडे सर्वत्र पसरली ती ही दुसरी, संथ जीप होय. यल्लापूर-शिरसीकडच्या सुपारीच्या बागांतून ती अनेक दशके वावरली. तेथील चिखलाच्या चढांवर ५.३८ हा आकडा वरदानच होता.

आता रस्त्यांकडे वळू. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, त्यामागे कापूस होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला होता. धारवाडचा कापूस कुमठा-कारवारच्या बंदरांवर पोचविण्यासाठी सह्याद्रीतून रस्ते हवे होते. आरबैल घाटासारखे आमचे घाटरस्ते मुळात या गरजेतून वाढले. ते बैलगाडीसाठी होते. लांबच लांब वळणे, न संपणारा चढ, आणि उतरताना त्याहूनही न संपणारा उतार. कारवार, अंकोला, कुमठ्याहून वर येऊन हुबळीस दुकान किंवा वकिली थाटणाऱ्या कुटुंबांचे सारे येणेजाणे याच दिशेने होते. कुळदेवतेच्या दर्शनाला फोंड्याकडे जावयाचे तर अनमोडचा घाट, गोकर्णास जावयाचे तर आरबैल. पश्चिमेकडे घाटावाचून वाट नव्हती, आजही नाही.

पुणे-बेंगळूर रस्ता निराळा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते, तेव्हा राजधानीकडे जाणारी ही वाट उत्तरेस होती. त्यानंतर राजधानी बेंगळूर झाली आणि लोकांची तोंडे दक्षिणेस वळली. हुबळी व धारवाड या दोन गावांची १९६२ साली एक महापालिका झाली. पुढे या मार्गाला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखू लागले. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. सुवर्ण चतुष्कोण योजनेत तो चौपदरी झाल्यावर ताशी ८० किलोमीटर हा वेग येथे कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगा राहिला नाही. जीपची खरी अडचण सुरू झाली ती येथून.

हिशेब साधा आहे. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० च्या वेगाने ५.३८ च्या आसाचे एंजिन मिनिटास सुमारे ३२०० फेरे घेते, आणि त्याची पूर्ण शक्तीची मर्यादाच ४००० आहे. सैनिकी ४.८८ ची जोडी बसविली तर फेरे २९०० वर येतात. ३.७३ ची बसविली तर २२०० वर. बेंगळूरचा पाच तासांचा प्रवास धरला, तर नुसत्या ४.८८ नेही एंजिनचे नव्वद हजारांच्या घरातले फेरे वाचतात. तेवढे घर्षण, तेवढी उष्णता आणि तेवढा कानांचा छळ कमी.

फोर्डच्या जुन्या मोटारी बाळगणारे लोकही याच वाटेने जातात. १९२७ ते १९३१ च्या ‘मॉडेल ए’चा मूळ आकडा ३.७८ आहे. पुष्कळ हौशी लोक तेथे ३.५४ ची जोडी घालतात. त्या एंजिनचे बेअरिंग ओतीव धातूचे असल्याने त्याला फार वेगाने फिरविणे जिवावर येते. त्याआधीच्या ‘मॉडेल टी’ची गंमत आणखी निराळी होती. तिचे पेट्रोल केवळ उताराने एंजिनकडे वाहत असे. टाकीत पेट्रोल थोडे असले की अवघड चढावर ते वाहीनासे होई, म्हणून चालक गाडी फिरवून चढ उलट चढत. उलट चालीचा जोरही अधिक असे. देवास पाठ दाखवून डोंगर चढणारी दुसरी सवारी आम्हांस ठाऊक नाही.

क्राउन-पिनियन बदलणे हे हातोडा-पान्याचे काम नव्हे. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असतात. एक जुने व एक नवे अशी सोयरीक जमत नाही. ८ आणि ४३ हे आकडेही हेतुपूर्वक निवडलेले आहेत. त्यांना सामाईक भाजक नसल्याने पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. बसविताना पिनियन किती आत, क्राउन किती बाजूस, हे पातळ चकत्या घालून अगदी केसभर अंतराने ठरवावे लागते. दाते कोठे टेकतात हे पाहण्यासाठी जुने मिस्त्री तेलात कालविलेला शेंदूर दात्यांवर लावतात. मारुतीला वाहतो तोच शिशाचा शेंदूर. दात्याच्या मध्यावर त्याचा ठसा नीट पुसला गेला म्हणजे जुळणी साधली. ती साधली नाही तर मागून जो घुरघुराट सुरू होतो तो पुढे थांबत नाही. जीपच्या पुढल्या आसालाही शक्ती जाते, तेव्हा मागची जोडी बदलली तर पुढचीही त्याच आकड्याची हवी. नाहीतर चारही चाके जुंपताच पुढचा व मागचा आस दोन वेगांनी ओढू लागतात आणि मधल्या यंत्रावर ताण येतो.

अशा कामाला लागणारी माणसे या पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ च्या सुमारास सायकलींचा धंदा मांडला तो बेळगावात. त्याच महामार्गावरील हरिहर येथे १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले. हुबळीत तर सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून रेल्वेचा कारखाना आहे. लोखंडाची पारख असलेला हात येथे दुर्मीळ नाही.

परंतु काम नीट झाले म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. वेग वाढला तरी ब्रेक होते तेच राहतात, लहान ड्रमचे. शिवाय जीपचा वेगदर्शक काटा आसाच्या अलीकडून फिरतो. ४.८८ च्या जोडीने गाडी ८० ने धावत असता काटा ७३ च्या आसपास दाखवितो, आणि चालक स्वतःस सावध समजत राहतो. काट्याचे गिअर त्याच वेळी बदलून घ्यावे. हुबळी-धारवाडच्या तेव्हाच्या दुपदरी बगल रस्त्यावर, इटिगट्टीजवळ, १५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेऱ्याहून गोव्यास निघालेल्या मैत्रिणींवर जो घाला पडला, तो या भागातील लोक विसरलेले नाहीत.

आणि मग घाट. उतारावर गाडीला खरे धरून ठेवते ते एंजिन. ब्रेक नुसते साहाय्य करतात. ४.८८ ने ही धरण दशांशाने सुटते, ३.७३ ने जवळजवळ एक तृतीयांश. तेवढा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेला ड्रम ऐन वळणावर दगा देतो. दुसऱ्या गिअरात उतरावे हा उपाय आहेच, पण या जीपला गिअर तीनच. दुसरा फार आवळतो आणि तिसरा फार सोडतो, अशी अवस्था होते. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याची जीप वर्षातून एकदा का होईना आरबैल उतरणार आहे, त्याने ४.८८ च्या पुढे जाऊ नये. तो आकडा जीपला परका नाही, तिच्या सैनिकी वडील भावंडाचाच आहे. ३.७३ ज्याला हवा त्याने गाडी घाटमाथ्यावरच ठेवावी. अमेरिकेत जीपसाठी ओव्हरड्राइव्हही निघाला. तो लावला की आस मूळचा राहतो आणि सपाटीवर चाल मिळते. मिळाल्यास सर्वांत उत्तम तोच.

जतनाचा मुद्दा राहिला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, खाजगी वापराचे आणि मूळ रूपात राखलेले वाहन त्यांत बसते. चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत फेरफार झालेला नसावा. अशा नोंदणीचे वाहन नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतेच ते बाहेर निघू शकते. आसातील दात्यांचा उल्लेख त्या नियमाच्या शब्दांत नाही, तरी काढलेली ५.३८ ची जोडी भंगारात देणे आम्हांस मान्य नाही. ती ग्रीस लावून, मेणकापडात गुंडाळून, दात्यांची संख्या आणि काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून, गाडीच्या कागदपत्रांजवळच ठेवावी. पुढचा मालक यल्लापूरचा निघाला तर तो आधी तीच मागेल.