ओपेनहायमर यांचे ‘ॲम बिकम’ आणि आपल्या तारखा

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर त्या क्षणाची आठवण सांगताना रॉबर्ट ओपेनहायमर यांनी गीतेतील काळाचे वचन इंग्रजीत उच्चारले. त्यात ‘हॅव बिकम’ नव्हते, ‘ॲम बिकम’ होते. पुष्कळांना ती व्याकरणाची चूक वाटते. वस्तुतः तो इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाचा जुना अवशेष होय.

प्राचीन इंग्रजीत ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. ‘मी मासा पकडला आहे’ या वाक्याची मूळ घडण ‘माझ्याजवळ मासा आहे, पकडलेला’ अशी होती. पकडणे काल घडले असेल, परंतु वाक्याचा सारा भार आता हातात असलेल्या माशावर. ‘पकडलेला’ हे रूप कित्येकदा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलेही. मराठी माणसाला यात नवल ते काय! येणे, जाणे, होणे या क्रियापदांना मात्र ‘हॅव’ऐवजी ‘असणे’ लागे, आपल्या ‘आलो आहे’सारखे. एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘हॅव’ने त्यांचीही जागा घेतली, ‘ॲम बिकम’ उरले ते १६११ च्या बायबलसारख्या ग्रंथांत आणि भारदस्त भाषणांत.

‘हॅव’ची पकड अजून त्या माशावरच आहे. म्हणून त्याला सरलेल्या काळाची तारीख सोसत नाही. ‘वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजी झाला आहे’ हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत मात्र तारखेसह ‘हॅज बीन साइन्ड’ लिहिणे चूक. तेथे ‘वॉज साइन्ड’च हवे. (प्रस्तुत लेखकाने ही चूक वर्षानुवर्षे केली.) ‘टिळक हॅज रिटन गीतारहस्य’ असे लिहिले, तर अनोळखी वाचक लोकमान्य हयात असल्याचे समजेल. पण ‘गीतारहस्य हॅज बीन ट्रान्सलेटेड’ बिनचूक आहे, कारण ग्रंथ आजही आपल्या हाती आहे.

सर्वांत मौजेचे उदाहरण ‘केसरी’चे. ‘वॉज फाउंडेड इन १८८१’ हे बरोबर आणि ‘हॅज अपिअर्ड सिन्स १८८१’ हेही बरोबर. साल तेच, काळ दोन; कारण स्थापना एकदाच झाली आणि पत्र अद्याप निघते. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला ही दुसरी सवलत नाही. ते १८३२ मध्ये निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्याच्या वाट्याला केवळ साधा भूतकाळ.